रंग कुठलाही दे!

नवरात्राचे वारे वाहू लागले, की आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन व्याधी हटकून डोके वर काढतात. एक साफसफाईची आणि दुसरी रंगरंगोटीची. पहिली बहुधा बायकांना जडते, दुसरी पुरुषांना. साफसफाईची साथ आठ-दहा दिवसांत आटोक्यात येते. रंगाची मात्र एकदा अंगात भिनली, की नखांच्या कडांत निदान तुळशीच्या लग्नापर्यंत राहते. गेल्या वर्षी ही दुसरी व्याधी मला जडली. मी मराठीचा प्राध्यापक. खडूखेरीज दुसऱ्या कोणत्याही रंगद्रव्याशी माझा संबंध नाही. तरीही स्वयंपाकघरातले जुने दुभत्याचे कपाट मी स्वतःच्या हाताने रंगवणार, अशी घोषणा मी भर चहाच्या वेळी केली आणि फसलो.

हे कपाट आजोबांनी घेतलेले. सागवानी, माझ्या खांद्याइतके उंच. वरच्या दोन दारांना बारीक तारेची जाळी, मधे दोन खण आणि खाली दोन भरीव दारे. नारायण पेठेतल्या वाड्यात ते ज्या दिवसापासून उभे राहिले, त्या दिवसापासून त्याचे चारही पाय चिनी मातीच्या चार वाट्यांत. वाट्यांत पाणी, मुंग्यांना मज्जाव. जाळी मांजरासाठी आणि हवेसाठी. आत दूध, दही, लोणी, तूप. ज्यांचे बालपण फ्रीजच्या आधीचे, त्यांना त्या आतल्या आंबुस-गोड वासाबद्दल मी वेगळे सांगायला नको. २००३ साली वाडा पडला, आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलो आणि कपाटही टेम्पोत उभे राहून आमच्याबरोबर आले. पुढे आमच्याकडे ‘मॉड्यूलर’ स्वयंपाकघर झाले. त्या गुळगुळीत, चकचकीत कपाटांच्या रांगेशेजारी हे चॉकलेटी रंगाचे, पोपडे धरलेले कपाट, नव्या सुनांच्या घोळक्यात एखादी जुन्या वळणाची आत्या बसावी, तसे बसून होते. आत आईचे मेतकूट, पापड, सुपारीचा डबा आणि तिच्या गोळ्यांची पाकिटे.

वर्गात ‘कपाट’ हा शब्द आला, की मी विद्यार्थ्यांना न चुकता सांगतो, “संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. मराठीने नुसत्या दारावरून सगळी वस्तूच ओळखायला सुरुवात केली.” वीस वर्षे मी हे सांगत आलो आहे. पण घरातल्या कपाटाच्या दाराकडे मी कधी नीट पाहिले नव्हते, हे मला गेल्या वर्षी कळले. ते कसे, हे पुढे येईलच.

“एक तर त्याचं काही तरी करा, नाही तर त्याला निरोप द्या,” असे सौ.चे म्हणणे. निरोप हा शब्द ऐकताच मी पेटलो. आजोबांची खरेदी, वडिलांचा हात, आईचा संसार, असे एक छोटेखानी व्याख्यान मी चहाच्या टेबलावरच दिले. आई पोळीचा तुकडा मोडत ऐकत होती. शेवटी मी तिच्याकडे पाहिले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बघा तुम्ही.” आमच्या घरात ‘बघा तुम्ही’ याचा अर्थ संमती असा नाही, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक असायला हवे होते. मी त्याचा तोच अर्थ घेतला.

बोहरी आळीतून पॉलिश पेपर, लांबी, प्रायमर आणि दोन ब्रश आणले. दुकानदार अनुभवी. त्याने विचारले, “स्वयंपाकघरातलं लाकूड ना? मग आधी धुवा. धुतल्याशिवाय जो रंग द्याल, तो पुढच्या दिवाळीला पापुद्र्यासारखा हातात येईल.” वाचकहो, सगळ्या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते या दुकानदाराचे ठेवा.

गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातला, हातमोजे चढवले आणि फडक्याने पुसू लागलो. फडके पहिल्याच फेरीत तपकिरी झाले. हा नुसता मळ नव्हे. फोडणीची वाफ वर जाते, थंड होऊन लाकडावर बसते आणि त्यातले तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. जवसाचे तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. ते उडून जात नाही, थिजून कातडे धरते. आमच्याकडे वर्षानुवर्षे करडईचे तेल होते आणि करडईतही हा गुण आहेच. म्हणजे वडिलांनी कपाटाला जे रंगाचे हात दिले, त्यांवर आणखी एक हात आईने नकळत रोजच्या फोडणीने दिलेला होता. सोड्याने हे तेल थोडेथोडे साबणासारखे होऊन सुटते. तीन वेळा सोड्याचे पाणी, दोन वेळा साधे पाणी आणि मग दोन दिवस वाळवण. एवढ्याने कपाट निम्म्याने उजळले. खरे सांगायचे, तर पुष्कळांचे काम इथेच भागावे. मळाला जुनेपणा समजून आपण उगाच रंगाच्या दुकानात जातो.

पण मला आता लाकूड पाहायचे होते. आजोबांचा साग! कपाट ओढून गॅलरीत घेतले आणि कोरड्या पॉलिश पेपरने घासायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांत गॅलरीभर चॉकलेटी, हिरवट धूळ उडाली. मी मोठ्या अभिमानाने शिंकलो. त्याच वेळी आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा द्यायला दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आधी कपाटाकडे पाहिले, मग माझ्या मिशांवरच्या धुळीकडे.

“सर, हा रंग किती जुना?”

“खालचा पन्नास वर्षांचा तरी असेल,” मी म्हणालो.

“मग तो पेपर आधी खाली ठेवा.”

बाईंचे म्हणणे असे. जुन्या तैलरंगांत शिसे असे. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, पिवळ्या-हिरव्यासाठी शिशाचे क्रोमेट. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे घालत. आपल्या देवळांतला शेंदूर, तो अस्सल असेल तर, तेही शिशाचेच एक रूप. रंग लाकडावर घट्ट बसलेला असतो, तोवर त्याचा फारसा उपद्रव नाही. पण तो कोरडा घासला, की बारीक धूळ होते. ती श्वासातून जाते, फरशीवर बसते आणि रांगत्या मुलांच्या हातांवरून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे बाधते आणि अमुक एवढे चालेल अशी सुरक्षित मर्यादाच त्याला नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने बंधन आले ते अलीकडे. २०१६ च्या नियमांनी दहा लाख भागांत नव्वद भाग अशी मर्यादा घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात काय होते, ते डब्यालाच ठाऊक.

वसुबारसेला माझी धाकटी बहीण तिच्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन यायची होती. हे चिरंजीव दिसेल ती वस्तू प्रथम चाखून पाहतात. माझा अभिमान शिंकेसरशी उतरला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रयोगशाळेतून सोडियम सल्फाइडचे थोडे द्रावण आणले. कपाटाच्या मागच्या बाजूला धारदार पात्याने तिरका छेद घेतला. त्या छेदात रंगांचे थर एकापुढे एक, इंद्रधनुष्याच्या तुकड्यासारखे दिसू लागले. वर चॉकलेटी, मग क्रीम, मग आकाशी, मग पोपटी आणि तळाशी सागाची सोनेरी रेघ. त्यावर कापसाने थेंब फिरवला. कुजक्या अंड्याचा वास सुटला आणि पोपटी व आकाशी रेघा पाहता पाहता काळवंडल्या. या चाचणीने दुसरे काही धातूही काळे पडतात, पण बाई म्हणाल्या, “शंका आली ना? मग शिसे आहे असं धरूनच वागायचं.”

वागायचे कसे, तेही त्यांनी सांगितले आणि मी ते इथे जसेच्या तसे देतो, कारण असे कपाट पुष्कळांच्या घरी असेल. जो रंग घट्ट आहे, तो उकरू नये. वरून ओला पेपर हलक्या हाताने फिरवून त्यावरच नवा रंग द्यावा. जिथे पोपडे आहेत किंवा रंग काढणे भागच आहे, तिथे पाणी फवारून, ओले ठेवूनच खरवडावे. त्यासाठी पाण्यात चालणारा काळा पेपर मिळतो. कोरडे घासू नये आणि ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये. खाली प्लास्टिकचा कागद अंथरावा. तोंडावर कोरोनाच्या दिवसांत घेतला तसा घट्ट बसणारा, चांगल्या प्रतीचा मास्क लावावा. रुमालाने भागत नाही. निघालेला चोथा पिशवीत बांधून टाकावा, तुळशीच्या कुंडीजवळ झटकू नये. केरसुणी फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. आणि मुलांनी व गरोदर बायकांनी तिकडे फिरकू नये. सागाचे दर्शन घेण्याचा माझा बेत अशा रीतीने रद्द झाला. जिथे काढणे भाग होते तेवढेच काढायचे ठरले: दारांच्या कडा आणि पोपड्यांच्या जागा.

ओल्या खरवडणीचे काम फार सावकाश चालते. एक वीत कडेला अर्धा तास. माझी गती पाहून आईला बहुधा दया आली असावी. ती गॅलरीच्या दाराच्या आत, जरा लांब, खुर्ची टाकून बसू लागली. हातात निवडायला काही तरी. तिसऱ्या दिवशी चॉकलेटी आणि क्रीम रंग सुटून खालचा आकाशी उघडा पडला. तशी ती हसली.

“हा फ्रीज,” ती म्हणाली.

मला कळेना. मग तिने सांगितले. १९८३ साली तिने वडिलांकडे फ्रीज मागितला होता. उन्हाळ्यात दूध नासे, दोनदा तापवावे लागे, मी लहान, शेजारी फ्रीज आलेला. वडील शिक्षक, पगार बेताचा. त्यांनी ऐकून घेतले, मान हलवली आणि पुढच्या रविवारी आकाशी रंगाचा डबा घेऊन आले. कपाटाला रंग देऊन झाल्यावर म्हणाले, “बघ, नुसतं पाहूनच गार वाटतं की नाही?”

“मग तू काय म्हणालीस?”

“छान म्हणाले. काय म्हणणार! बिचारे दिवसभर उन्हात रंगवत होते. पण अरे, जाळीलाही रंग फासला. निम्मी भोकं बुजली. गार राहायचं सोडून आतलं दूध आणखीच लवकर नासायला लागलं.”

फ्रीज पुढे चार वर्षांनी आला. आता मी मुद्दामच एकेका रंगाची चौकशी केली. क्रीम १९९४ चा. त्या वर्षी तिने ओटा मागितला होता. खाली बसून स्वयंपाक करून तिचे गुडघे दुखू लागले होते. ओट्यासाठी वाड्याच्या मालकांना विचारावे लागले असते. वडिलांचा स्वभाव भिडस्त. त्यांनी क्रीम रंग आणला. त्या वेळी डबा मी धरला होता, तो दिवस मला चांगला आठवतो. किती आनंदाचा दिवस होता तो! ब्रशवरून ओघळणारा रंग, रॉकेलचा वास, वडिलांचे शीळ घालणे. आईने काय मागितले होते, हे मला ठाऊकच नव्हते. चॉकलेटी २००३ चा. वाडा सोडताना ती म्हणाली होती, हे कपाट आता इथेच राहू दे, मी पुसून पुसून कंटाळले. वडिलांनी ते रंगवून टेम्पोत चढवले.

“आणि हा पोपटी?”

आईने निवडणे थांबवले. “तो मी यायच्या आधीचा. चौऱ्याहत्तरचा. नवी नवरी येणार म्हणून दिला होता त्यांनी. तो मात्र खरंच छान होता हो.”

वडिलांना जाऊन २०११ पासूनची वर्षे झाली. माणूस सज्जन, कामसू, बायकोला कधी उणा शब्द न बोलणारा. त्यांच्यावर टीका करण्याचा माझा अधिकार नाही; आणि आईच्या बोलण्यातही तक्रारीचा सूर नव्हता. ती एखाद्या जुन्या वहीतला हिशेब वाचावा तशी सांगत होती. पण मी हातातली पत्ती खाली ठेवली. चहाच्या टेबलावरचे माझे व्याख्यान मला आठवले. पुन्हा एकदा एक पुरुष रंगाचा डबा घेऊन त्या कपाटापुढे उभा होता. म्हटले, निदान विचारावे तरी.

“आई, तुला कुठला रंग हवा?”

“रंग कुठलाही दे,” ती म्हणाली, “दार उघडू दे.”

मी उठलो, हात धुतले आणि कपाटाचे दार उघडून पाहिले. म्हणजे, उघडण्याचा प्रयत्न केला. पन्नास वर्षांच्या रंगाने कडा जाड झाल्या होत्या. दार चौकटीत गच्च बसले होते. शिवाय वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन ते खाली उतरले होते. मला ते उघडायला मुठीला हिसका द्यावा लागला. आईच्या बोटांना संधिवात आहे. दिवसातून तीनदा गोळ्यांसाठी ती हे दार उघडते. कसे उघडते? तिने करून दाखवले. खिळखिळ्या कडीत उलथन्याचा दांडा अडकवायचा आणि ओढायचे. ते उलथने कपाटाशेजारी का टांगलेले असते, याचा विचार मी कधी केला नव्हता. सौ.नेही नाही. “अहो, मला वाटायचं, ती त्यांची जागाच आहे,” ती म्हणाली.

“अगं, पण तू कधी बोलली का नाहीस?”

“बोलायचं तेव्हा बोलले,” आई म्हणाली. “त्यांनी रंग दिला.”

मग कामाचा क्रमच बदलला. सगळी दारे उतरवली. स्क्रूच्या खाचा रंगाने भरलेल्या होत्या. त्या टोच्याने कोरून काढल्या, तेव्हा कुठे स्क्रू हलले. दारांच्या चारी कडा लाकडापर्यंत ओल्या खरवडून साफ केल्या आणि मग सुताराला बोलावून एका कडेवर रंध्याचे दोन हात मारून घेतले; ते माझ्या आवाक्यातले काम नव्हते. सैल झालेल्या भोकांत फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, एक रात्र वाळू दिल्या, वर कापून टाकल्या आणि त्यात स्क्रू पुन्हा घट्ट पिळले. उतरलेले दार वर येण्यासाठी बहुतेक वेळा एवढे पुरते. बुजलेली जाळी काढून नवी बसवली. जुन्या कडीच्या जागी रुंद मूठ लावली, चार बोटे मावतील अशी. खणांच्या पट्ट्यांना मेण चोळले.

रंगाचे काम त्यानंतर राहिले आणि खरे सांगतो, ते सगळ्यांत सोपे होते. उघड्या लाकडावर पातळ प्रायमर. खड्ड्यांत लांबी. वाळल्यावर बारीक पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. पुन्हा प्रायमर. मग रंगाचे दोन पातळ हात, मधे पूर्ण एक दिवस. एक जाड हात दोन पातळ हातांची बरोबरी कधीच करीत नाही. तो ओघळतो आणि आत महिनाभर ओला राहतो. दारे आडवी ठेवून रंगवावीत, म्हणजे ओघळ येत नाहीत. मोठ्या डब्यात ब्रश बुडवू नये. वाटीत थोडा रंग घ्यावा. तेलाचा रंग पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत. आणि जिथे दार चौकटीला टेकते, त्या कडांवर रंगाचा एकच, अगदी निपटलेला हात. तो देताना माझा हात जरा कापत होता, हे कबूल करतो.

रंग कोणता, यावर मात्र घरात महायुद्ध झाले. दुकानदाराच्या पुस्तिकेतली नावे वाचून मी हतबुद्ध झालो. एका पिवळ्याला सतरा नावे! मुलीला राखाडी हवा होता, सौ.ला पांढरा. मी अर्थातच पोपटी सुचवला आणि आईकडे पाहिले. ती म्हणाली, “नको. तो झाला एकदा.” शेवटी सगळ्यांचेच जरासे समाधान होईल, असा फिका, लोण्यासारखा पिवळा ठरला. पाण्यात विरघळणारा इनॅमल घेतला, वास कमी. एवढे करूनही दारे हाताला कोरडी लागली तरी आतून मऊ असतात. म्हणून पहिले आठ-दहा दिवस ती मिटली नाहीत. फटीत पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले. अखेर वसुबारसेच्या आदल्या रात्री कपाट जागेवर उभे राहिले. पायांखाली वाट्या. आईच्या गोळ्या वरच्या फळीवरून मधल्या फळीवर, तिच्या हाताशी आल्या.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. चिरंजीवांनी उंबरठ्यातच पायातले बूट चाखायला घेतले होते. ती स्वयंपाकघरात शिरली आणि थबकली.

“अगं आई! काय सुरेख रंग झालाय गं कपाटाचा!”

“रंग होय?” आई म्हणाली. “हो, दिलाय त्यानं काही तरी.”

आणि तिने मुठीला एक बोट लावून दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि आतला डबा काढून नातवाच्या हातावर चकलीचा तुकडा ठेवला. उलथने सौ.ने सकाळीच घासून कढईजवळ ठेवले होते.